एकाच खडकाची चार वयं: नेवानियाच्या कार्बोनेटाइटची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारच्या एका स्लाइडवर मी लिहिलं होतं: "नेवानिया कार्बोनेटाइट, वय २२७ कोटी वर्षं." प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागच्या रांगेतून एका सरांनी विचारलं, "वय म्हणजे कशाचं वय?" मी म्हटलं, "सर, खडकाचं." सर म्हणाले, "मग त्याच खडकाचं वय दुसऱ्या एका पेपरात ९६ कोटी का दिलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरा पेपर मी वाचला होता, पण तो जुना, ही पद्धत नवी, म्हणून नवा आकडा बरोबर, असं मनाशी ठरवून टाकलं होतं. शिवाय त्या २२७ कोटींवर मी पुढच्या तीन स्लाइड्स उभ्या केल्या होत्या. अरवलीच्या भागात खंड कसा ताणला गेला, भेग कशी पडली, त्यातून हा मॅग्मा वर कसा आला, सगळं बाणांसकट. पायाचा आकडाच हलला, तर बाण कुठे दाखवायचे?

तुम्ही रिसर्चला सुरुवात करणार असाल तर हा प्रश्न कधीतरी तुमच्या वाट्यालाही येणार आहे. म्हणून हा खडक जरा सावकाश बघू.

आधी, कार्बोनेटाइट म्हणजे काय

ज्वालामुखीजन्य खडक म्हटलं की आपल्याला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आठवतो. बेसॉल्टमध्ये साधारण निम्मा भाग सिलिका असते. कार्बोनेटाइट मात्र मॅग्मापासून तयार झालेला असूनही निम्म्याहून जास्त कार्बोनेट खनिजांचा बनलेला असतो, म्हणजे कॅल्साइट, डोलोमाइट वगैरे. हातात नमुना घेतला तर चुनखडी किंवा संगमरवर वाटावा असा. आम्ल टाकलं तर कॅल्साइटचा कार्बोनेटाइट फसफसतोसुद्धा.

त्यामुळे हा खडक वितळलेल्या अवस्थेतून आला आहे हे मान्य व्हायलाच बराच वेळ लागला. नॉर्वेतल्या फेन इथल्या खडकांवर काम करून ब्रॉगर यांनी १९२१ मध्ये हे नाव रूढ केलं. बोवेन यांच्यासारख्या मोठ्या माणसाला ते पटलं नव्हतं. गरम द्रवांनी आधीच्या खडकाची जागा घेतली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९६० मध्ये वायली आणि टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की पाणी आणि दाब असेल तर कॅल्साइट साधारण ६५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू शकतं. त्याच सुमारास टांझानियातल्या ओल्डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीतून सोडियमने समृद्ध असा कार्बोनेटचा लाव्हा वाहताना नोंदवला गेला. तापमान फक्त ५०० ते ६०० अंश. आजही कार्बोनेटाइटचा लाव्हा ओकणारा हा जगातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे.

असे खडक जगात फार नाहीत. वूली आणि कार्सगार्ड यांनी २००८ मध्ये केलेल्या यादीत ५२७ नोंदी होत्या. बहुतेक खंडांवर, आणि त्यातही खंड ताणला गेलेल्या पट्ट्यांत किंवा मोठ्या भेगांच्या कडेला. म्हणूनच टेक्टॉनिक्सवाल्यांना त्यांच्यात रस. कार्बोनेटाइट सापडला की पहिला विचार येतो, इथे कधीतरी खंड फाटायला लागला होता का? आणि "कधीतरी" म्हणजे कधी, हे कळल्याशिवाय त्या विचाराला काही अर्थ नाही.

नेवानियाचे आकडे

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात नेवानिया आहे. तिथे मेवाडच्या अतिप्राचीन नाइस खडकांमध्ये घुसलेला कार्बोनेटाइटचा एक लांबट पट्टा आहे. दोन गोष्टींमुळे तो वेगळा ठरतो. एक म्हणजे तो मुख्यतः डोलोमाइटचा आहे, कॅल्साइटचा नाही. दुसरं म्हणजे बहुतेक कार्बोनेटाइटांबरोबर नेफेलीन सायनाइटसारखे अल्कली खडक सापडतात, इथे ते नाहीत.

आता वयं बघा.

१९६८: डीन्स आणि पॉवेल, पोटॅशियम-अर्गॉन पद्धत, सुमारे ९६ कोटी वर्षं.

१९९७: श्लायखर आणि सहकारी, शिसं-शिसं पद्धत. डोलोमाइट कार्बोनेटाइटसाठी सुमारे २२७ कोटी आणि अँकेराइट असलेल्या भागासाठी सुमारे १५५ कोटी वर्षं.

२०१३: ज्योतिरंजन रे, कांचन पांडे आणि सहकारी. यांनी एकाच अभ्यासात तीन घड्याळं लावली. सॅमेरियम-निओडिमियमने सुमारे १४७ कोटी, अर्गॉन-अर्गॉनने सुमारे ९० कोटी, आणि शिसं-शिसं पद्धतीने पुन्हा सुमारे २४० कोटी.

म्हणजे ढोबळमानाने २३०, १५५, १४७ आणि ९० कोटी असे चार गट. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वयात जवळजवळ १४० कोटी वर्षांचा फरक. प्रयोगशाळेतली चूक म्हणावी तर सगळेच कसे चुकतील? उलट, दोन वेगळ्या गटांना शिशाने पुन्हा तेच जुनं वय दिलं आणि अर्गॉनने जवळपास तेच तरुण वय. आकडे पुन्हा पुन्हा येताहेत, म्हणजे खडकात असं काहीतरी आहे जे हे आकडे देतंय. प्रत्येक घड्याळ नेमकं काय मोजतंय, हे बघायला हवं.

अर्गॉन: झाकण कधी बसलं

पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं आहे. त्याचा सुमारे दहावा हिस्सा अर्गॉन-४० मध्ये बदलतो, बाकीचा कॅल्शियममध्ये. अर्गॉन हा वायू. तो कुणाशी बंध करत नाही, खनिजाच्या स्फटिकात नुसता अडकून बसतो. खनिज पुरेसं गरम असेल तर तो निघून जातो. पातेल्यावर झाकण नसेल तर वाफ साठत नाही, तसंच. खनिज थंड होऊन एका विशिष्ट तापमानाखाली आलं की मग अर्गॉन साठायला लागतो आणि घड्याळ सुरू होतं. बायोटाइटसाठी हे तापमान साधारण ३०० अंशांच्या आसपास, हॉर्नब्लेंडसाठी ५०० च्या आसपास.

म्हणजे अर्गॉनचं वय हे "झाकण शेवटचं कधी बसलं" याचं वय. एखादं घुसखोर शरीर वर येऊन पटकन थंड झालं आणि नंतर कधीच तापलं नाही, तर ते वय आणि मॅग्मा घुसण्याचं वय एकच. पण मध्ये कधी खडक पुन्हा तापला, तर झाकण उघडतं, साठलेला अर्गॉन जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

अरवली-दिल्ली पट्ट्यात साधारण १०० ते ९० कोटी वर्षांपूर्वी खडक तापवणाऱ्या, दाबणाऱ्या मोठ्या घटना घडल्या. नेवानियाचं ९०-९६ कोटींचं वय त्याच काळात बसतं. २०१३ च्या पेपरात म्हणूनच ते खडकाच्या जन्माचं न मानता नंतरच्या उष्णतेच्या घटनेचं मानलं आहे.

शिसं: सरळ रेषा फसवू शकते

आता २२७ कोटींचा आकडा. इथेच मी फसलो होतो.

युरेनियम-२३८ पासून शिसं-२०६ बनतं (अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं) आणि युरेनियम-२३५ पासून शिसं-२०७ (सुमारे ७० कोटी). एकाच वेळी, एकाच मूळ शिशापासून सुरुवात केलेले नमुने घेतले आणि २०६/२०४ विरुद्ध २०७/२०४ असा ग्राफ काढला, तर बिंदू एका रेषेवर येतात. रेषेचा ढाळ वय सांगतो. १४७ कोटी वर्षांसाठी हा ढाळ सुमारे ०.०९२ येतो, २२७ कोटींसाठी सुमारे ०.१४४. जितकी उभी रेषा तितकं वय जास्त.

पण या सगळ्यात एक अट आहे: "एकाच मूळ शिशापासून". समजा खडक १४७ कोटी वर्षांपूर्वी जन्मला आणि ९० कोटी वर्षांपूर्वी तापला तेव्हा आजूबाजूच्या नाइसमधलं शिसं गरम द्रवांबरोबर आत शिरलं. कुठे जास्त, कुठे कमी. ते नाइस अतिप्राचीन. पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात युरेनियम-२३५ भरपूर होतं, ते भराभर संपलं. त्यामुळे ज्या खडकांत युरेनियम फार पूर्वीपासून साठलेलं आहे, त्यांच्यातल्या शिशात २०७ चं प्रमाण चढं असतं. असं शिसं कमी-जास्त मिसळलं की बिंदू वरच्या बाजूला ओढले जातात आणि रेषा उभी होते. दिसायला अगदी छान सरळ रेषा, पण ती मिसळण्याची रेषा. तिच्यातून काढलेलं वय कुठल्याच घटनेचं नसतं.

२०१३ च्या अभ्यासकांनी जुन्या शिसं-शिसं वयांचं हेच स्पष्टीकरण दिलं आहे: नंतरच्या उष्णतेच्या घटनेत कवचातलं शिसं असमान प्रमाणात मिसळलं. लक्षात घ्या, १९९७ च्या मोजमापांत चूक होती असं ते म्हणत नाहीत. स्वतः मोजल्यावर त्यांनाही शिशाने २४० कोटीच दिले. मोजमाप तेच, अर्थ वेगळा.

सॅमेरियम-निओडिमियम: हट्टी घड्याळ

मग १४७ कोटींवर विश्वास का ठेवायचा?

सॅमेरियम आणि निओडिमियम ही दोन्ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं. कार्बोनेटाइटमध्ये ती मुबलक असतात. बाहेरून आलेल्या द्रवाने थोडंफार निओडिमियम आणलं तरी आतल्या साठ्यापुढे ते नगण्य ठरतं. शिशाचं उलट. ते कार्बोनेटाइटमध्ये तुलनेने कमी, त्यामुळे बाहेरचं थोडं शिसंही हिशेब बिघडवतं. शिवाय ही दोन मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या जुळी भावंडं असल्यासारखी, सहसा एकमेकांपासून सुटत नाहीत. म्हणून खडक तापला तरी हे घड्याळ सहज हलत नाही.

पण त्याचीही किंमत मोजावी लागते. सॅमेरियम-१४७ चा अर्धायुकाल सुमारे १०,६०० कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या सात-आठ पट. त्यामुळे रेषेचा ढाळ अगदी थोडा असतो. १४७ कोटींसाठी सुमारे ०.००९७, २२७ कोटींसाठी सुमारे ०.०१५०. एक गणित करून बघा. तुमच्या नमुन्यांमध्ये सॅमेरियम-निओडिमियमच्या गुणोत्तराचा फरक समजा फक्त ०.०२ आहे. तर १४७ कोटी वर्षांत निओडिमियमच्या गुणोत्तरात पडलेला फरक सुमारे ०.०००१९. मोजमापाची अचूकता पाचव्या दशांशापर्यंत, म्हणजे ०.००००१ धरली, तर चूक साधारण ५ टक्के, म्हणजे सात-आठ कोटी वर्षं. आणि अख्ख्या खडकाच्या नमुन्यांत हा फरक सहसा कमीच असतो, कारण जवळपास सगळ्याच कार्बोनेटाइटमध्ये सॅमेरियमच्या मानाने निओडिमियम फार जास्त. म्हणून खनिजं वेगळी करून मोजण्यात फायदा असतो. या पद्धतीतली एरर मोठी दिसते त्याचं कारण हे. एरर मोठी आहे म्हणून आकडा वाईट, असं समजू नका. छोट्या एररचा २२७ कोटींचा आकडा जास्त अचूक दिसत होता, आणि मी त्यालाच भुललो होतो.

तुम्ही विचाराल, झिरकॉन का नाही काढले? ग्रॅनाइटमध्ये आपण तेच करतो. पण झिरकॉनला सिलिका लागते, आणि इथे तिचाच तुटवडा. काही कार्बोनेटाइटमध्ये त्याऐवजी बॅडेलिआइट, म्हणजे झिर्कोनियमचं साधं ऑक्साइड मिळतं. त्यात युरेनियम असतं आणि सुरुवातीचं शिसं जवळपास नसतं, त्यामुळे ते उत्तम घड्याळ. दक्षिण आफ्रिकेतल्या फालाबोर्वाचं २०६ कोटींचं वय असंच पक्कं झालं आहे. पण असं खनिज प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही.

आकडा बदलला की गोष्ट बदलते

आता माझ्या त्या तीन स्लाइड्सकडे परत येऊ.

२३० कोटींच्या आसपासचं वय धरलं तर नेवानियाला अरवलीची खोरी उघडण्याच्या सुरुवातीच्या काळाशी जोडावंसं वाटतं. ९० कोटी धरले तर रोडिनिया या महाखंडाच्या जुळणीशी. आणि १४७ कोटी धरले तर आपण मधल्या, कोलंबिया हा महाखंड सुटा होत जाण्याच्या काळात येतो. तीन आकडे, तीन वेगळे नकाशे. तिन्ही गोष्टी कागदावर तितक्याच पटणाऱ्या दिसतात, ही खरी धोक्याची गोष्ट. टेक्टॉनिक्समध्ये कुठल्याही काळासाठी काही ना काही घटना सापडतेच. त्यामुळे "वय अमुक घटनेशी जुळतं" हा पुरावा फारच पातळ आहे.

केव्हिन बर्क, ल्यूइस अ‍ॅश्वाल आणि सुझन वेब यांनी २००३ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे आठवते. खंड फाटताना भेगेच्या कडेला अल्कली खडक आणि कार्बोनेटाइट घुसतात. पुढे समुद्र उघडतो, बंद होतो, खंड आपटतात, आणि ते खडक टकरीत दाबले जाऊन विकृत होतात. म्हणून विकृत कार्बोनेटाइट म्हणजे जुन्या जोडरेषेची खूण. अशा खडकात दोन वयं सापडावीत: एक फाटण्याचं, एक टकरीचं.

नेवानियात १४७ आणि ९० अशी दोन वयं आहेत. मोह होतोच. पण मधलं अंतर ५७ कोटी वर्षांचं आहे, सोबत अल्कली खडकांचा पट्टा नाही, आणि उष्णतेची घटना म्हणजे जोडरेषा असं आपोआप होत नाही. कल्पना तपासायला नेवानिया चांगला आहे, सिद्ध करायला पुरेसा नाही. माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात आता हे वाक्य असंच्या असं आहे.

त्यापेक्षा घट्ट पुरावा खडकाच्या रसायनात मिळतो. कार्बोनेटाइटमध्ये स्ट्रॉन्शियम भरपूर आणि रुबिडियम नगण्य. त्यामुळे अख्ख्या खडकाचं रुबिडियम-स्ट्रॉन्शियम घड्याळ चालतच नाही, पण त्याच कारणाने स्ट्रॉन्शियमचं मूळ गुणोत्तर जवळपास जसंच्या तसं टिकतं आणि मॅग्मा कुठून आला ते सांगतं. नेवानियाचा मॅग्मा खंडाच्या तळाशी असलेल्या, आधीच द्रवांनी बदललेल्या, फ्लोगोपाइट असलेल्या प्रावरणातून आला, तोही गार्नेट स्थिर असतं इतक्या खोलीवरून, असा २०१३ च्या पेपरचा निष्कर्ष आहे. मॅग्नेशियमचं प्रमाण इतकं जास्त आहे, की प्रावरणातून थेट निघालेल्या पहिल्या वितळाच्या तो बराच जवळ असावा. हा निष्कर्ष मात्र कुठल्या महाखंडाशी वय जुळतं यावर अवलंबून नाही.

तुलनेसाठी दोन ठिकाणं

गुजरातमधलं छोटाउदेपूरजवळचं अंबाडोंगर. कार्बोनेटाइटचं वर्तुळाकार कडं, शेजारी फ्लोरस्पारच्या खाणी. रे आणि पांडे यांनी १९९९ मध्ये इथलं अर्गॉन-अर्गॉन वय ६.५ कोटी वर्षं दिलं. इथे अर्गॉनवर विश्वास ठेवता येतो, कारण हे शरीर उथळ जागी थंड झालं आणि नंतर नर्मदेच्या त्या भागात ते पुन्हा तापवणारी पर्वतनिर्मिती झालीच नाही. शिवाय ते दख्खनच्या लाव्हांना छेदतं, म्हणजे फील्डवरचा क्रमही तेच सांगतो. महाराष्ट्र ज्या लाव्हांवर उभा आहे, त्यांच्याच काळातली ही घुसखोरी.

दुसरं, बाडमेरचं सरनू-दंडाली. १९९३ मध्ये तिथल्या एका अल्कली खडकाचं वय ६.८५ कोटी आलं आणि दख्खनच्या आधीची पहिली उचकी म्हणून ते प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये हेतू शेठ, कांचन पांडे आणि सहकाऱ्यांनी तिथले आणखी खडक मोजले, तेव्हा काहींची वयं ८.९ ते ८.७ कोटी निघाली, म्हणजे भारत मादागास्करपासून सुटला त्या काळातली. एकाच ठिकाणी एकाहून अधिक वेळा मॅग्मा आला होता. पहिलं वय तेवढ्यामुळे चुकीचं ठरत नाही. एका नमुन्याचं वय अख्ख्या संकुलाला लावणं मात्र चुकीचं ठरतं.

पेपर वाचताना

आता कुठलंही वय वाचलं की मी वहीत चार रकाने भरतो. कुठलं खनिज किंवा अख्खा खडक? कुठलं घड्याळ? ते किती तापमानाला बंद होतं? आणि त्यानंतर त्या भागात तेवढं तापमान पुन्हा कधी आलं होतं का? आयसोक्रॉन असेल तर पाचवा रकाना: बिंदू खरंच एका मूळ गुणोत्तरापासून सुरू झाले असतील, की ही मिसळण्याची रेषा आहे? तपासायला एक सोपी युक्ती म्हणजे मोजलेलं गुणोत्तर त्या मूलद्रव्याच्या प्रमाणाच्या व्यस्ताशी ग्राफवर मांडायचं. तिथेही छान रेषा आली तर शंका घ्यायची.

यानंतरच आकडा लिहायचा, आणि तोही नुसता नाही. माझ्या स्लाइडवर आता असं आहे: "नेवानिया: घुसण्याचं वय सुमारे १४७ कोटी वर्षं (सॅमेरियम-निओडिमियम), उष्णतेची घटना सुमारे ९० कोटी (अर्गॉन-अर्गॉन), शिसं-शिसं वयं मिश्रणामुळे जुनी, वापरलेली नाहीत." ओळ लांबते, स्लाइडवर जेमतेम मावते. पण पुढच्या सेमिनारला तेच सर मागच्या रांगेत बसले होते, आणि या वेळी त्यांचा प्रश्न पुढच्या स्लाइडवर होता.